चवीपुरतं

पहाटे चारला आम्ही तोने पेटवतो.
कुतैसीत तेव्हा जागी असते रिओनी नदी,
मी, आणि झुझुना.
भट्टी म्हणजे मातीची विहीर.
कमरेतून वाकून, डोकं आत घालून
पाव भिंतीला थापायचा,
पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात.
पाच वर्षं मी त्या क्षणी दात आवळले.

डॉक्टर एथेरीनं पावतीच्या पाठीवर चित्र काढलं:
पिशवीच्या आतलं अस्तर असतं ना, तसलंच काही
भलतीकडे उगवलंय, आतड्याला धरून बसलंय.
दर महिन्याला तेही आपलं रडून घेतं,
फक्त बाहेर पडायला त्याला वाट नाही.

मग इंजेक्शन. दर अठ्ठावीस दिवसांनी एक.
बीजकोश निजवायचे.
निजायच्या आधी पोर किरकिरतं
तसं पहिले दोन आठवडे दुखणं उलट चवताळलं,
आणि मग एके दिवशी नव्हतंच.
मी त्या दिवशी सत्तर पाव थापले
आणि उगीच दोनदा जास्त वाकले.

पण आग आली.
बाहेर बर्फ, मी दारात, भट्टी दहा पावलं लांब,
आणि मानेवरून घामाची धार.
एकतिसाव्या वर्षी मी
चौसष्टच्या झुझुनाशेजारी
एकाच टॉवेलनं मान पुसत उभी.
"ये," ती म्हणाली, "जागा आहे माझ्या वयात."
रात्री झोप नाही. मग माकडहाडापाशी एक यंत्र फिरलं
आणि कागदावर आलं: हाडं पातळ होऊ लागलीत.

एथेरीनं इंजेक्शन चालूच ठेवलं,
जोडीला एक गोळी दिली, रोज.
दोन हार्मोन आहेत त्यात, म्हणाली,
एक जे आपण काढून घेतलं त्यातलंच थोडंसं,
दुसरं त्याच्यावर नजर ठेवायला.
मी चिडले. परत द्यायचं होतं तर नेलं कशाला?
ती म्हणाली, हाडाला पुरेल इतकं देतेय,
त्या भलत्या उगवणीचं पोट भरेल इतकं नाही.
मला ते पटलं नाही. गोळ्या डब्यातच राहिल्या.

त्याच आठवड्यात झोपेच्या पेंगेत
मी कणकेत मीठ घालायला विसरले.
कणीक पसरट, चिकट, हाताला ओळख देईना.
पाव भिंत धरेनात,
एकामागून एक राखेत पडले, चाळीस.
झुझुना काही बोलली नाही.
लांब आकडीनं जळके तुकडे काढत राहिली, मग म्हणाली,
"आणि जास्त घातलंस तर फुगत नाहीत,
तेही केलंय मी, लग्नाच्या वर्षी."

आता चार महिने झाले.
अजून रात्री एकदा उठते, पूर्वी दहादा उठायचे.
ओटीपोट गप्प आहे. कधी महिन्यातून एखादा दिवस
चाचपून बघतं, मी आहे का म्हणून.
आई फोनवर नातवाचं विचारते.
मी म्हणते, भट्टी तापलीय, ठेवते.

गोळी मी पहिल्या पावाच्या टोकदार कडेबरोबर घेते.
डाळीच्या दाण्याहून लहान.
कुणीतरी कुठेतरी बसून
इतकं बारीक मोजलंय माझ्यासाठी.
आम्ही अजून मीठ
मुठीनंच घालतो.