शिवणीतली माया

माझंच माप मी चुकवलं.
जुन्या सवयीनं वहीत अठ्ठेचाळीस लिहिलं,
टेप चौतीसवर येऊन थांबली
आणि तिच्याखालून उरलेलं सगळं
हळूच बाहेर आलं.

एक्कावन्न किलो.
एक पोतं तांदूळ उतरवून ठेवावं
तसं अडीच वर्षांत उतरवलं.
तांदूळ गेले. पोतं राहिलं.

वेंगुर्ल्याच्या बाजारात विचारतात,
"बारीक झालंस गो. साखर लागली काय तुका?"
एकटी फिलू डिसोजा, बांगडे मोजता मोजता,
"उन्हाळ्यात खाली काय लावतंस?"
तिलाही तिथंच चिघळतं.

मी तिला घडीच म्हणते.
सकाळी उचलायची, पुसायची,
पावडर, वर जुन्या लुगड्याची चिंधी,
मग परत खाली सोडायची.
मे महिन्यात वारा पडला की आत मीठ चरचरतं.
मशीनवर पाय मारताना
ती मांडीवर टाळ्या वाजवते.
गिऱ्हाईक असलं तर मी रेडिओ मोठा करते.

पणजीच्या डॉक्टरांनी निळ्या पेनानं
पोटावर रेघ ओढली,
या कमरेपासून त्या कमरेपर्यंत.
हात चांगला होता.
एका दमात खडू चालवणारा माणूस मला कळतो.
"इथून कापू, वरचं खाली ओढून घेऊ,
बेंबी नवीन करू."
बेंबी नवीन.
जिथं आईला बांधलेली होते
तिथं एक काज करतील.

मी विचारलं, शिवणीत माया किती ठेवता?
ते म्हणाले, काय?
म्हटलं, काही नाही.

दोन लाख ऐंशी हजार.
साडेतीनशेनं धरले तर आठशे ब्लाउज,
अस्तराचे वेगळे.
वर सहा आठवडे पायडलला पाय लावायचा नाही.
विमावाल्यानं फॉर्मवर एकच शब्द लिहिला: सौंदर्य.
सत्तेचाळीस वर्षांत हा शब्द
माझ्या नावापुढे पहिल्यांदा कुणी लिहिला,
तोही नाही म्हणायला.

शिरोडकर मास्तर क्लासात सांगायचे,
आत घ्या, कापू नका.
बाईचं अंग आहे, उद्या भरेल.
सव्वीस वर्षं मी माया ठेवत आले.
लग्नातला ब्लाउज बारा वर्षांनी उसवायला आणतात
आणि शिवणीच्या आतला रंग
नवाकोरा निघतो.

कापलं म्हणजे कात्रीला शब्द दिला
की मी पुन्हा भरणार नाही.
असा शब्द मी कशाच्या जिवावर देऊ?
फणसाचे गरे समोर आले
की हाताला काय काय आठवतं, मलाच ठाऊक.
आणि नाही कापलं
तर ती जुनी बाई अशीच लोंबत राहणार,
गेलेली, आणि न गेलेली.

उल्हास म्हणतो, "माका काय्येक अडचण नाय."
खोटं नाही बोलत तो.
पण दिवा आधी कोण मालवतं, तो की मी,
ते आम्हां दोघांनाही आता सांगता येत नाही.

उभादांड्याला, रापणीची माणसं यायच्या आत,
गाऊनसकट छातीभर पाण्यात जाते.
तिथं सगळं उचललं जातं.
दंडाचं, पोटाचं, मांडीचं,
दुकानदारानं तागा फेकावा
तसं आपलं आपण उलगडत जातं.
मी खाली बघत उभी राहते.
घडीतली कातडी, ऊन न लागलेली.
कुणाची आहे ही, इतकी कोवळी?

मग बाहेर येते
आणि सगळं परत जागेवर बसतं.

सोमवारी कळवा म्हणालेत. आज गुरुवार.
उद्या शेट्येबाईंच्या सुनेचे चार ब्लाउज द्यायचेत.
तिसरा महिना असावा. तिनं सांगितलं नाही,
टेपला कळलं.
मी न विचारता
दोन्ही बाजूंना दीड दीड इंच ठेवलाय.