आडवा सतरा

पोर्थवेलनच्या कड्यावर लाकडी खोपट,
तीन बाजूंना काच, चौथीला केटली.
मंगळवारी सकाळची पाळी माझी आणि जागो ट्रेनोवेथची.
तो दुर्बिणीशी, मी नोंदवहीशी.
नऊ दहा : पिवळी कयाक, एकटी बाई, पूर्वेकडे.
नऊ पंचवीस : खेकड्यांची होडी, परतीला.
वारा नैर्ऋत्येचा. क्षितिज पुसट.

मधल्या रिकाम्या वेळात शब्दकोडं.
"आडवा सतरा. राखण करणारा, आठ अक्षरं, शेवटी वाय."
चाळीस वर्षं खेकड्यांचे पिंजरे ओढलेला जागो
काचेवरून डोळे न काढता म्हणतो,
"ट्यूटलरी.
आमच्या विहिरीवरच्या संतिणीला पाद्रीबुवा तसं म्हणायचे.
अर्थ कधी विचारला नाही."

मी तीस वर्षं लॅटिन शिकवलेली, मला राहवतंय थोडंच!
सांगते : मुळात 'तुएरी', म्हणजे नुसतं बघणं.
टक लावून. मग बघत राहणं.
राखणं त्यात फार मागाहून आलं.
लेकराकडे जरा बघा हं, असं शेजारणीला सांगून जातो
तेव्हा आपणही नजरेलाच कामाला लावतो की.
ट्यूटर त्याच घरचा, ट्यूशनही.
आणि दुसऱ्यांच्या देशांत ठाण मांडून बसलेल्यांनीही
हेच विशेषण अंगावर चढवलं होतं :
तुम्ही अजून लहान आहात,
आम्ही बघतो तुमचं.

"म्हणजे बघणं आधी," जागो म्हणतो.
"आधी."
बराच वेळ केटलीच बोलते.

"एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात मी इथंच उभा होतो.
खोपट नव्हतं तेव्हा. सतरा वर्षांचा.
पेरनची होडी त्या खडकाच्या अलीकडे आडवी झाली.
मी बघतच होतो.
पापणी नाही लवली माझी, तुझ्या लॅटिनची शपथ."

यावर कुठल्याही कोशात उत्तर नाही.
मी पेन्सिलीला उगाच टोक काढते.

"कयाक कुठंय?"

खडकाच्या डावीकडे नाही. उजवीकडे नाही.
दहा चाळीस. त्याचा हात रेडिओवर,
माझा, का कोण जाणे, त्याच्या बाहीवर.
लाट, लाट, पाणकावळा, लाट,
पिवळं काहीतरी, छे, बोया.
दहा अठ्ठेचाळीसला ती खडकामागून निघते,
वल्हं मांडीवर, हातात सँडविच,
एका सीलशी गप्पा मारत.

जागो शिवी हासडतो, अस्सल कॉर्निश.
मी लिहिते : कयाक दिसली. सुखरूप.
ती किनाऱ्याला लागेल, गाडीवर होडी बांधेल,
घरी जाऊन मोजे वाळत घालेल.
आठ मिनिटं दोन म्हाताऱ्यांनी तिच्यासाठी श्वास धरला होता
हे तिला कुणी सांगणार नाही.

कोड्यात शब्द बसतो,
पण उभा अकरा आता जुळत नाही.
"खोड मग," जागो म्हणतो, दुर्बीण पुन्हा डोळ्यांना.
मी खोडत नाही.
"साखर किती?"
"बघून घाल."