किल्ली बोटीवर

पान्यांची पेटी माळ्यावर आहे,
तिला पितळी कुलूप,
आणि किल्ली गेली अनंताच्या करगोट्याला बांधून
चाळीस वाव पाण्यावर कुठेतरी.
तिथे फोन लागत नाही,
लागला असता तरी किल्ली काय फोनवरून येते?

इकडे मागचं चाक बसलेलं.
टपालाची पिशवी खुंटीला.
पिशवीत सात पत्रं, बँकेची एक नोटीस,
आणि खालच्या वाडीतल्या रोहिणी तारींच्या चष्म्याचं पार्सल.
तीन आठवडे बाई तांदूळ बोटांनी निवडतायत.
सायकलचं दुकान नऊ किलोमीटरवर, मध्ये दोन चढ.

मी स्वयंपाकघरात गेले.

तीन चमचे काढले, स्टीलचे,
दांड्यांवर सासऱ्यांचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं.
पहिला टायरखाली सारला, दाबला, स्पोकला सुतळीने बांधला.
दुसरा वीतभर पुढे.
तिसऱ्याला टायर सुटलं
कुर्लीचं कवच सुटतं तसं, एकदम.
पहिला चमचा मात्र वाकला तो वाकलाच,
‘भि. रा.’ एकीकडे, ‘कुबल’ दुसरीकडे.
गडग्यापलीकडून मालंडकरीण ओरडली,
‘गो सुंद्रे, तुझ्या सुनेन सायकल जेवक बसयल्यान!’
सासूबाई हसल्या नाहीत.
घमेलं आणून ठेवलं, पाण्याने भरून,
आणि पुन्हा सुपारी कातरायला बसल्या.

बुडबुडे एका रेघेत वर आले.
शिंगाळ्याचा काटा होता, मासा कधीच कुणीतरी खाल्लेला.
ट्यूब खरवडायला कानस पेटीत,
म्हणून पायरीचा जांभा,
ज्यावर आम्ही टाचा घासतो तोच चिरा.
मग चपलेचं सोल्युशन, जुन्या ट्यूबचं ठिगळ,
आणि वर वरवंटा, कढीला फोडणी देऊन होईपर्यंत.

चाक बसवलं तर डुगडुगायला लागलं.
एकदा हात घातलाच आहे तर,
सांडशीने नट सोडवले
(दुपारचा चहा फडक्याने उतरवला),
छर्रे शिंपल्यात काढले, रॉकेलने धुतले.
अठरा हवे होते. सतरा भरले.
अंगणात एकच साक्षीदार, तांबडी कोंबडी,
मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती.
बरं. एका बाजूला नऊ, एका बाजूला आठ.
ग्रीसऐवजी मुठेल, भेगांना लावतो ते,
चाकाला पण पाय म्हणायला काय हरकत आहे.

सायकल उलटी केली,
चिमट्याला माडाचा हीर बांधला, रिमपासून केसभर दूर.
चाक फिरवलं. जिथे हीर खर्र म्हणाला
तिथला समोरचा स्पोक ताणायचा.
स्पोकची चावी नव्हती.
न बोलता सासूबाईंनी अडकित्ता पुढे केला,
सुपारी तोंडात टाकून.
खर्र. पाव फेरा. खर्र. पाव फेरा.
दिवेलागणीला हीर गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी तारींनी चष्मा लावला,
समुद्राकडे नाही, माझ्याकडे बघितलं.
‘हाताक काय लागला गो? काजळ?’

अनंत अकरा दिवसांनी आला.
किल्ली लावली, कुलूप फिरेना.
तेल घातलं, ठोकलं, शेवटी माझ्याकडे बघितलं.
मी चिमटा आणि हेअरपिन दिली.
पेटीतला सोळा-सतराचा पाना
तळाच्या पत्र्याला चिकटून बसला होता, खाऱ्या वाऱ्याने.
त्याने सायकल उचलली, चाक फिरवून कान लावला,
बराच वेळ.
‘कुणाकडे नेलीस?’

मी ताट वाढलं.
वाकडा चमचा आपोआप त्याच्याच वाट्याला गेला.
आमटी डावीकडे सांडते त्यातून,
मनगट थोडं फिरवून धरावं लागतं,
दोन घासांत जमलं त्याला.

तांबडी अजून रोज अंडं घालते.
फोडण्याआधी मी कानाशी धरून हलवते.