अकरा नॅनोसेकंद

शिन्चूत ऑक्टोबरचा वारा सुटला की
उभ्या स्कूटर आडव्या होतात. टेकड्यांपलीकडे
सोललेली पर्सिमन सुपांतून सुकत असतात, केशरी.

पेइ-चुन ल्याओला यातलं काही दिसत नाही.
तिच्या खोलीला खिडकीच नाही.

समोरच्या कंपनीची चिप बाजारातून आणली,
पाठ खरवडली, सुया टेकवल्या,
तीन आठवडे नुसता वेळ मोजला:
बरोबर किल्लीला किती, चुकीच्या किल्लीला किती.
फरक निघाला अकरा नॅनोसेकंद.
एवढ्या फटीतून अख्खं घर धुऊन नेता येतं.

विक्रीवाले नाचायचेच बाकी होते.
"त्यांचं कुलूप बोलतं, आपलं मुकं"
हे पत्रक त्याच संध्याकाळी छापायला गेलं.

रात्री तिनं, सहजच,
त्याच सुया आपल्या चिपला लावल्या.

अकरा.

सिलिकॉनवर खाडाखोड होत नाही.
नवा साचा म्हणजे नऊ महिने,
आणि पत्रकाची शाई तर वाळलेली.

पोर्कच्या गोळ्यांचं सूप विकणाऱ्या गाडीवर
वेई-हुंग भेटला. कॉलेजात एका बाकावरचा,
आता समोरच्या कंपनीत.
त्याच्याही डोळ्यांखाली तीन आठवडे.
"काम कसं चाललंय?"
"वारा फार आहे," ती म्हणाली.
"हो ना. आमच्याकडेही."

वाडग्यावरचं कागदी झाकण उडू पाहत होतं.
दोघांनी एकेक बोट टेकवून
ते दाबून धरलं,
सूप निवेपर्यंत.