जळण्याच्या बोलीवर

रीगा शहराच्या तटाबाहेर
घर बांधायचं तर लाकडातच बांधा,
असा एके काळी कायदा होता.
वीट नको, दगड नको.
शत्रू आलाच, तर त्याला आडोसा मिळू नये,
तासाभरात सगळं पेटवून देता यावं
आणि तटावरच्या तोफांना समोर मोकळं रान दिसावं.

घर पाहावं बांधून म्हणतात.
इथे ते बांधायचं जळण्याच्या बोलीवर.

अठराशे बाराच्या उन्हाळ्यात दूर धूळ उठली.
आले, आले, फ्रेंच आले!
वरून हुकूम सुटला, आणि वेशीबाहेरची वस्ती
तिच्याच रखवालदारांनी पेटवली.
वाऱ्याने बाकीचं काम केलं.
शत्रू काही शहरापर्यंत आलाच नाही.
ती धूळ गुरांच्या कळपाची होती, असं सांगतात.
सापसाप म्हणून भुई धोपटली,
आणि भुईवर माणसं राहत होती.
खरंखोटं त्या गुरांना ठाऊक.

राखेवर पुन्हा घरं उभी राहिली.
पुन्हा लाकडाचीच.

गाइडिस मला हे सांगतो
तो खिडकीची चौकट खरवडताना, रंगाचे पापुद्रे दाढीत अडकलेले.
हिरवा, त्याखाली तपकिरी, त्याखाली पुन्हा हिरवा.
मी त्याच्या हाताखाली तिसरं वर्ष काढतेय.
अजून मला रंधा हातात देत नाही,
म्हणतो, आधी लाकडाचा वास ओळखायला शीक.

या घराच्या भिंतीला कागदाचे सात थर.
सगळ्यात आत वर्तमानपत्रं, खळीने चिकटवलेली.
जाड्याभरड्या जर्मन अक्षरांत राईचे भाव,
रशियनमध्ये बुटांची जाहिरात,
लाटवियनमध्ये कुणाची तरी हरवलेली गाय,
आणि एक पान उजवीकडून डावीकडे जाणारं,
जे आम्हा दोघांनाही वाचता येईना.

मग दार.
उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला,
बोटभर लांब, तिरकी खाच.
दोन खिळ्यांची भोकं. वरून तीन वेळा रंग फिरवलेला.
मी पुट्टीचा डबा उघडला.
'राहू दे,' गाइडिस म्हणाला.

डबा बंद केला.
बराच वेळ नुसता खरवडण्याचा आवाज.

मग तोच म्हणाला,
एक्केचाळीस साली या गल्लीला काटेरी कुंपण होतं.
डिसेंबर संपायच्या आत गल्ली रिकामी झाली.
त्या वेळी घरांना कुणी काडी लावली नाही.
घरं जशीच्या तशी राहिली,
चुली, पडदे, दाराच्या कड्या सगळं शाबूत.

खालच्या मजल्यावर फेव्रोनिया आजी राहते,
दोन बोटांनी क्रूस काढणारी, जुन्या पंथातली.
आईच्या कडेवर बसून आली इथे, लढाई संपल्यावर.
मी तिला विचारलं, तुमच्या आधी इथे कोण होतं?
तिने आधी मांजराला खाली उतरवलं.
'पलंग होता,' ती म्हणाली.
'आम्ही आलो तेव्हा पलंग होता.'
आणि अजून आहे. त्यावर बसूनच सांगत होती.

गुरुवारी नगरपालिकेचा माणूस आला,
कोवळा, नव्या बुटांतला.
जुनी लाकडी घरं, धोका मोठा, म्हणाला,
आणि छताला एक पांढरी बशी ठोकून गेला,
धूर दिसला की किंचाळणारी.

आता आजी रोज संध्याकाळी मासे तळते
आणि रोज संध्याकाळी ती बशी बोंबलते.
आजी स्टुलावर चढते, टॉवेल झटकते,
एकीकडे प्रार्थना, एकीकडे शिव्या.
वर आम्ही हत्यारं खाली ठेवतो.
गाइडिस खिडकीतून रस्त्याच्या टोकाकडे बघतो,
डोळे बारीक करून,
धूळबीळ दिसतेय का ते.