डाग

व्हॅनच्या मीटरमधली मधली रेघ गेली,
दिवाळीच्या सुट्टीनंतर, आपसूक.
आठाचा शून्य झाला.
चार म्हणजे एक उंच काठी आणि शेजारी एक बुटकी.
तिनाचा कान झाला, असं झोया म्हणाली.
झोया शिकलगार, दुसरीतली, पुढच्या सीटवर तीच बसते,
रोज मोठ्यानं मीटर वाचते,
आणि पद्मावतीच्या चौकात आठ वाजून आठ मिनिटांनी
जाहीर करते : काकू, वेळ संपली. शून्य शून्य शून्य.
मागची पोरं ओरडतात, सं-प-ली.

गॅरेजवाला म्हणाला, याचं काही होत नाही, अख्खं मीटर बदला.
साडेअकरा हजार.
एका रेघेचे.
दिगंबर म्हणाला, जाऊ दे की, गाडी तर पळतेय.
पळतेय. पण किती, ते मला कळायला नको?

शनिवारी जेवणं उरकल्यावर
ओट्यावर पोळपाट पालथा घातला, त्यावर टॉवेल, त्यावर मीटर.
पाठीचे दहा स्क्रू काढले. बशीत मोजले तर नऊ.
वरच्या फळीवर पापडाच्या डब्यामागे
ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेली सोल्डरगन,
सव्वीस वर्षांची झोप झालेली.

लग्नाआधी भोसरीत, टीव्हीच्या कारखान्यात,
दिवसाला दोन हजार डाग द्यायचे मी.
इनामदार सुपरवायझर भिंग घेऊन मागे उभे :
बाई, डाग चमकला पाहिजे.
मळका दिसला की समजा आतून सुटलाय.
घरी आई म्हणायची, पोरीच्या जातीला
डाग लागायला वेळ लागत नाही.
दोघांचं ऐकून मी सहाची बस पकडायचे,
हाताला राळेचा वास.

व्हॅन घेतली तेव्हा डाग मोडले,
दोन पाटल्या आणि मोहनमाळ.
सराफानं आतल्या लाखेचं वजन वजा केलं.
दिगंबर काट्याकडे बघत होता,
मी पाटलीच्या सांध्याकडे.
काय सुरेख दिला होता, कोणी दिला असेल.

घरात भिंग नव्हतं.
दिगंबरचा चष्मा माझ्या चष्म्यावर चढवला,
टॉर्च धर म्हटलं. धरला. हलवत होता.
श्वास घेऊ नकोस.
किती वेळ?
मी सांगेपर्यंत.

सापडला. अठ्ठावीस पायांच्या ओळीत एकोणिसावा.
भोवती केसाएवढी गोल चीर,
निवलेल्या दुधाच्या सायीला कडेनं पडते तशी.
एवढ्यावरून कान, काठ्या, संपलेल्या वेळा.

गन तापली. राळ वितळली.
वास आधी आला आणि मागून सगळी लाइन,
स्टुलं, निळे एप्रन, डब्यातली कोबीची भाजी,
माझ्या डावीकडे बसणारी शकिला,
जिला मी लग्नाला बोलवलं नव्हतं.
एक, दोन, उचल.
उचलली.
चमकला.
आता घे श्वास, म्हटलं. त्यानं केव्हाच घेतला होता.

रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये
गाऊनवर ओढणी घेऊन मीटर जोडलं, किल्ली फिरवली.
सुरू होताना ते सगळीकडे आठच दाखवतं,
स्वतःचीच हजेरी घेतं.
आठ आठ आठ, ओळीनं, कंबरपट्टा घालून.
मग आकडा आला : एक लाख अडतीस हजार सहाशे त्र्याऐंशी.
धनकवडी ते सहकारनगर, सहकारनगर ते धनकवडी.
एवढ्यात कुठे कुठे जाऊन आले असते.
वॉचमन म्हणाला, मॅडम, काही प्रॉब्लेम?
म्हटलं, होता.

सोमवारी पद्मावतीला झोयानं मान पुढे काढली.
आठ आठ, म्हणाली, बारीक आवाजात.
बोटानं काच पुसून पुन्हा पाहिलं.
कोणी केलं?
मी.
कशानं?
डाग दिला एक.
तिनं आपल्या फ्रॉकवरच्या शाईकडे पाहिलं
आणि त्यावर दप्तर ओढून घेतलं.
मागून कोणीतरी सवयीनं ओरडलं, सं-प-ली.

दहावा स्क्रू अजून सापडलेला नाही.
तळजाईच्या उतारावर मीटर जरासं खडखडतं.