बिनशेंड्याचा माड

वादळात शेंडा गेला त्या माडाचा.
तेव्हापासून विहिरीमागे उभा आहे,
कुणी वाक्य अर्धं टाकून उठून जावं तसा.

शिमग्याआधी सगुण कांबळीला बोलावलं.
साठी उलटलेला पाडेली, कोयता कमरेच्या आकडीला.
म्हटलं, पाडून टाक. इथे खोली बांधायची आहे,
खिडकीतून थेट समुद्र दिसेल,
शिरोड्याला हल्ली पाहुणे बरे येतात.

तो चढला अर्ध्यावर,
सुतारपक्ष्याने कोरलेल्या ढोलीशी थांबला,
खोडाला कान लावला,
आणि उतरला.
"बाय, आत बिऱ्हाड आसा.
हो माड माझ्या हातान पडाचो नाय."

मग खळ्यात बसून, कोरा चहा फुंकत,
स्वतःशीच बोलल्यासारखं सांगत राहिला.
पोरवयात तोच ढोलीत हात घालायचा.
डोळे न उघडलेली पिल्लं,
नुकत्या उकडलेल्या आठळ्यांसारखी ऊन.
बाजारात जोडीचे पाच रुपये.

एक विकलं गेलं नाही. ते पडवीत राहिलं.
सगळ्यांनी शिकवलं, पण ते मिठू म्हणालं नाही,
विठ्ठल म्हणालं नाही.
त्याने उचलला फक्त बापाचा खोकला.

बाप श्रावणात गेला.
खोकला गेला नाही.
पहाटे पडवीतून यायचा, दोनदा कोरडा, एकदा ओला,
आणि आई पाण्याचा तांब्या घेऊन उठायची.
किती दिवस, ते सगुणने सांगितलं नाही.
एका सकाळी तिने पिंजऱ्याचं दार उघडलं.
पोपट बाहेर आला.
चालत.
पंख सगुणनेच कापले होते, कात्रीने.

न समजता बोललं की आपण म्हणतो पोपटपंची.
कुणाची फजिती झाली की म्हणतो, पोपट झाला.
इतकी वर्षं मीही म्हणत आले.
आता संध्याकाळी पाहते,
खाडीवरून सुरूच्या बनाकडे जाणारे ते थवे,
कीं कीं कीं करत, एकमेकांना ओरडत,
आणि त्यात आपला एकही शब्द नसतो.

चोर आहेत, हे मात्र खरं.
माझ्या झाडावर धड पेरू नाही.
काजूचं बोंड अर्धं खातात, अर्धं टाकतात,
कोकमाखाली लाल चिखल.
शेजारची अनसूया डबा वाजवून हाकलते,
आणि दोन दिवस आले नाहीत तर
कुंपणाशी येऊन विचारते, खंय गेले गो?

खोली शेवटी पलीकडे बांधली.
समुद्र दिसत नाही. दिसतो बोडका माड.
पाहुण्यांना आधी ते आवडलं नाही.
एकाने तर हळूच विचारलं,
पिल्लू मिळेल का एखादं, मुलीला हवंय.
मी म्हटलं, कायदा आहे.
मग वाटलं, कायद्याचं कशाला सांगितलं,
मुलीला खुर्चीवर उभं करून ढोली दाखवायची होती.
दुसऱ्या दिवशी दाखवली.
तिने तासभर हाक मारली नाही.

माड आतून पोकळ होत चाललाय.
पुढच्या एखाद्या वाऱ्यात जाईल.
सगुण म्हणतो, जाऊ दे त्याच्या वेळेला,
आपण घाई करायची नाही.

ऊन उतरलं की मादी ढोलीतून डोकं काढते,
मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे बघते.
मला खोकल्याची उबळ येते.
मी पदर तोंडावर धरते आणि
आत जाऊन खोकते.